खेळाडूच्या नावाची मालकी

हौशी खेळाडूने पैशाला शिवू नये, हा सोवळा नियम इंग्रजांनी आपल्या खेळांबरोबर हिंदुस्थानात आणला. कलकत्त्याच्या मैदानावर मात्र हे सोवळे फार काळ टिकले नाही. तेथे १८९३ साली इंडियन फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली. १९११ साली मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवून असोसिएशनची ढाल जिंकली, तेव्हा त्या संघातले सुधीर चटर्जी महाविद्यालयात अध्यापक होते. खेळ ही त्यांची उपजीविका नव्हती.

पुढे चित्र पालटले. १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षे मोहमेडन स्पोर्टिंगने कलकत्त्याची साखळी स्पर्धा जिंकली, ती दूरदूरच्या प्रांतांतून खेळाडू आणून. स्वातंत्र्यानंतर ईस्ट बंगालच्या ज्या पाच आघाडीवीरांना लोक 'पंचपांडव' म्हणत, ते वेंकटेश, अप्पाराव, धनराज, अहमद खान आणि सालेह सारे दक्षिणेकडचे होते.

परप्रांतीचा खेळाडू कलकत्त्यात राहावयाचा, तर त्याच्या पोटाची सोय काय? उघड वेतन द्यावे, तर हौशीपणा बुडतो. यावर तोड निघाली ती नोकरीची. रेल्वे, बँका आणि व्यापारी कंपन्या खेळाडूंना आपल्या पटावर घेऊ लागल्या. पी. के. बॅनर्जी ज्या ईस्टर्न रेल्वेकडून खेळत, त्या संघाने १९५८ साली बड्या क्लबांना मागे टाकून साखळीचे विजेतेपद मिळवले. क्लब बदलावयाचा, तर असोसिएशनच्या कचेरीत जाऊन सही करावी लागे. बंगालीत याला 'दलबदल' म्हणतात. त्या दिवसांत सही होईपर्यंत खेळाडूंना दडवून ठेवण्यापर्यंत क्लबांची मजल जाई. नियमांचा पहारा सहीवर होता. पडद्याआडच्या देवघेवीवर नव्हता.

नोकरीने खेळाडूला स्थैर्य दिले. पण नोकरी देणाऱ्याला त्याच्या कामाबरोबर त्याचे नावही मिळते काय? हा प्रश्न कलकत्ता उच्च न्यायालयापुढे आला, तो क्रिकेटच्या निमित्ताने. १९९६ साली सौरव गांगुलीने लॉर्ड्सवर पदार्पणातच १३१ धावा काढल्या आणि पुढच्याच कसोटीत दुसरे शतक झळकावले. तो टाटा टी कंपनीत व्यवस्थापक होता. कंपनीने चहाच्या पुड्यांबरोबर ग्राहकांना त्याचे अभिनंदन करण्यासाठी पत्रे देऊ केली. आपल्या संमतीवाचून आपल्या कीर्तीवर विक्री वाढवली जात आहे, अशी तक्रार घेऊन गांगुली १९९७ साली न्यायालयात गेला. कीर्ती व लोकप्रियता ही त्याचीच बौद्धिक संपदा आहे, असे न्यायालयाने मानले. पुढे वाद आपसांत मिटला.

अमेरिकेत हाच प्रश्न महाविद्यालयांच्या अंगणात उभा राहिला. तेथे कलकत्त्यातील नोकरीची जागा शिष्यवृत्तीने घेतली होती. खेळाडू विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती मिळे, पण स्वतःच्या नावावर कमाई करण्याची मनाई असे. बास्केटबॉलपटू एड ओबॅनन याने आपली प्रतिमा एका व्हिडिओ खेळात पाहिली आणि २००९ साली दावा लावला. २०१९ साली कॅलिफोर्नियाने विद्यार्थ्यांच्या बाजूने कायदा केला आणि १ जुलै २०२१ पासून देशभर ती मनाई उठली.

भारतात मात्र या हक्कासाठी स्वतंत्र कायदा झालेला नाही. आधार आहे तो न्यायनिर्णयांचा आणि करारांचा. गांगुलीजवळ दोन शतके आणि देशभरची कीर्ती होती. अठराव्या वर्षी नोकरीच्या किंवा क्लबच्या कागदावर सही करणाऱ्या मुलाजवळ त्यांपैकी काहीच नसते. आपल्या नावाची किंमत ठाऊक होण्यापूर्वीच तो करार करतो. म्हणून कायद्याची खरी गरज त्याला आहे.