बेचाळीसच्या आधीचे

आमच्या आजोबांचं अंदमान १९२१ साली संपायचं. रोजचं तीस पौंड तेल गाळणारा कोलू, काथ्या कुटून फोड आलेले तळवे, एकाच तुरुंगात असून भेटू न शकणारे बाबाराव आणि तात्या, हे सगळं ते सावरकरांच्या ‘माझी जन्मठेप’मधून घेऊन रंगवून सांगत. सावरकर बंधू हिंदुस्थानात परतले की गोष्टही संपली. मागे त्या बेटांवर जी माणसं राहिली त्यांचं पुढे काय झालं, हे ना ते सांगत, ना आम्ही विचारत.

म्हणून पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आताच्या श्रीविजयपुरमला, आम्ही सगळ्यात आधी सेल्युलर जेल गाठलं. आवारात निम्मी माणसं मराठी. वरच्या मजल्यावरच्या टोकाच्या, तात्यांच्या कोठडीत आत्या उंबऱ्याला हात लावून शिरली आणि बराच वेळ बाहेरच येईना. रात्रीच्या ध्वनिप्रकाश कार्यक्रमात अंगणातला पिंपळ ओम पुरींच्या आवाजात बोलला. तुरुंगाच्या सात इमारतींपैकी आता तीनच का, असं धाकटीने विचारलं. दोन जपानी अमलात पाडल्या गेल्या आणि आणखी दोन आपण, स्वातंत्र्य मिळाल्यावर. जुन्या राजबंद्यांनी आरडाओरडा केला म्हणून बाकीच्या वाचल्या. पाडलेल्या जागी आता सरकारी इस्पितळ आहे.

ही माहिती पुरवली नानींनी. त्यांच्या घरी आम्ही उतरलो होतो. नानी स्वतःला ‘लोकल’ म्हणवतात, म्हणजे काळ्या पाण्यावर आलेल्या माणसांच्या वंशातल्या. सरकारी कागदोपत्री या मंडळींना ‘प्री-फॉर्टीटू’ म्हणतात, बेचाळीसच्या आधीचे. आत्याचं हिंदी सदाशिव पेठी, नानींचं बेटावरचं. पण रात्री भांडी आवरता आवरता दोघींचं छान जमलं.

नानींचा जन्म युद्धानंतरचा. सांगतात ते सगळं आईकडून ऐकलेलं. २३ मार्च १९४२ला जपानी उतरले. इंग्रज बहुतेक आधीच निघून गेले होते, त्यामुळे लढाई अशी झालीच नाही. सैनिक घराघरांत शिरून कोंबड्या पकडायला लागले, तेव्हा झुल्फिकार अली नावाच्या तरुणाने छऱ्याची बंदूक झाडली. लागलं कोणालाच नाही. पण जपान्यांनी त्याला हुडकून काढलं, हात पिरगळून मोडला आणि लोकांदेखत गोळी घातली. ‘कोंबडीसाठी,’ असं म्हणून नानी पातेलं जोरात आपटतात. हे त्यांच्या आईचंच असावं. गोष्टीबरोबर हातवारेही वारशाने येतात.

पुढे विमानाच्या धावपट्टीसाठी लोकांना माती वाहायला वेठीला धरलं. आपण उतरतो तो विमानतळ तिथलाच, आणि त्याला नाव वीर सावरकरांचं. ३० डिसेंबर १९४३ला नेताजींनी जिमखाना मैदानावर तिरंगा फडकवला. त्याचा अभिमान नानींच्या घरात आहेच, भिंतीवर तसबीरही आहे. पण त्याच दिवसांत नेताजींच्याच इंडियन इंडिपेंडन्स लीगचे इथले अध्यक्ष डॉ. दिवाणसिंग त्याच सेल्युलर जेलमध्ये हेरगिरीच्या आरोपाखाली मार खात होते. नेताजींच्या भोवती सतत जपानी अधिकारी. त्यांच्यापर्यंत हे पोचलं नाही. १४ जानेवारीला डॉक्टर गेले. ३० जानेवारीला हंफ्रीगंजला त्याच आरोपावरून ४४ जणांना खंदकाशी उभं करून गोळ्या घातल्या.

हंफ्रीगंज आमच्या सहलीच्या पत्रकात नव्हतं. आत्याने हट्टच धरला, म्हणून नानींच्या भाच्याच्या गाडीतून गेलो. स्मारक छोटं आहे. आमच्याशिवाय कोणी नव्हतं. आत्या पाटीवरची नावं मोठ्याने वाचत गेली. शीख, मुसलमान, हिंदू, सगळी सरमिसळ. मला राग आला तो पत्रकाचा. समुद्राच्या कडेला जपानी बंकर आहेत, तिथे मात्र फोटोसाठी दहा मिनिटं राखून ठेवलेली असतात. आत जाऊन पाहिलं: गुडघ्यात वाकून शिरायचं, तळाशी वाळू, शहाळ्यांची टरफलं, आणि बंदुकीच्या फटीतून समोर निळंशार पाणी. पोरांना बंकर फार आवडला.

दुसऱ्या दिवशी हॅवलॉक, आताचं स्वराज द्वीप. ऑगस्ट १९४५मध्ये, अन्नधान्य संपत आल्यावर, ‘शेतीला नेतो’ असं सांगून शेकडो माणसांना जपान्यांनी याच बेटाकडे बोटीने आणलं आणि किनाऱ्यापासून दूर समुद्रात ढकललं. बहुतेक बुडाली, पोहून काठाला लागली त्यांतली बरीचशी उपासमारीने गेली. नानींच्या आईचा धाकटा भाऊ त्यांत होता. एवढीच एक गोष्ट नानींनी हातवारे न करता सांगितली.

आमची बोट वातानुकूलित होती. शेजारी सांगलीच्या एक बाई. आत्याने त्यांना जपान्यांची हकीकत सुरू केली, आणि मी ऐकतच राहिले. छऱ्याच्या बंदुकीची एव्हाना दुनळी झाली होती, कोंबड्याही वाढल्या होत्या.

‘अगंबाई! मग सावरकर काय करत होते तेव्हा?’ बाईंनी विचारलं.

‘अहो, ते केव्हाच सुटले. ही इथल्यांची गोष्ट आहे,’ आत्या म्हणाली. ‘थांबा, कोंबड्यांपासून पुन्हा सांगते.’