रात्रीच्या उजेडाचा रंग

मंचरच्या पेठेत तिन्हीसांजेला क्षणभर उभे राहून पाहा. दुकानांच्या पाट्या, पुणे-नाशिक रस्त्यावरच्या गाड्यांचे दिवे, माणसांच्या हातातले मोबाईल. या उजेडाला आपण पांढरा म्हणतो, पण त्यात निळ्याचा वाटा मोठा असतो. आपल्या पणजोबांची रात्र पिवळी होती. दिव्यांचा इतिहास सांगताना उजेड किती वाढला हे सारेच सांगतात. त्याचा रंग पालटला, हे सांगायचे मात्र राहून जाते.

देवळीतली पणती, रॉकेलची चिमणी, मग ओगलेवाडीचा ‘प्रभाकर’ कंदील. कंदिलाची काच राखेने पुसायची पाळी घरातल्या पोरांवर येई आणि निजताना वात खाली केली जाई. ज्योतीत निळा रंग अगदी थोडा. १८७९ साली एडिसनने दाखवलेला विजेचा दिवाही तापलेल्या तारेचाच, म्हणून पिवळा. ट्यूबलाईटने पांढरेपणा आणला. खरी उलथापालथ केली ती आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या जपानमध्ये जन्मलेल्या तिघा संशोधकांच्या निळ्या एलईडीने. त्यांना २०१४ चे नोबेल मिळाले. मौज अशी की, आपला पांढरा एलईडी बहुधा आतून निळाच असतो. वर पिवळ्या द्रव्याचा लेप दिलेला, एवढेच. २०१५ नंतर ‘उजाला’ योजनेतून हे दिवे घरोघर पोचले. वीज वाचली, हे काही थोडे नव्हे.

पण डोळ्याला पाहण्याखेरीज आणखी एक काम असते. मेलाटोनिन हे रात्रीचे संप्रेरक १९५८ साली लर्नर यांनी वेगळे केले. तीव्र उजेडाने माणसात ते दबते, हे १९८० मध्ये दिसले. पुढे २००२ च्या सुमारास डोळ्याच्या पडद्यातल्या त्या पेशी सापडल्या. त्या चित्र पाहत नाहीत, दिवस की रात्र एवढेच मेंदूला कळवतात, आणि निळ्या उजेडाला त्या सर्वांत जास्त दाद देतात. रात्री दहाला डोक्यावर लखलखीत पांढरा दिवा असला, म्हणजे त्या बिचाऱ्या ‘अजून दिवस आहे’ असेच सांगणार.

आता एक भीती मात्र सोडून द्या, बरे का. मोबाईलच्या उजेडाने डोळा जळतो, याला भक्कम पुरावा नाही. दुपारचे ऊन त्याहून कितीतरी प्रखर. डोळे चुरचुरतात ते टक लावून पाहताना पापणी कमी लवते म्हणून. निळा उजेड अडवणाऱ्या चष्म्यांच्या १७ चाचण्यांचा आढावा २०२३ मध्ये निघाला. डोळ्यांचा शीण त्यांनी फारसा कमी होत नाही, असेच त्यात दिसले. चष्म्याचे पैसे वाचवा.

आमच्या आंबेगाव-जुन्नरची अडचण निराळी. डिंभ्याच्या पाण्याने ऊस आला आणि उसात बिबट्या येऊन राहिला. शेतीची वीज रात्रपाळीची असली, की पाणी धरायला अंधारातच जावे लागते. तेथे ‘दिवे मालवा’ हा उपदेश कोण ऐकणार? अंगणात, गोठ्याशी उजेड हवाच. निजण्याच्या खोलीत मात्र पिवळा, मंद दिवा लावता येतो आणि मोबाईल उशापासून दूर ठेवता येतो.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ मध्ये गावकऱ्यांनी ठरवले: संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला, की दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद. हेतू मुलांच्या अभ्यासाचा होता, झोपेचा नव्हता. पण पहिल्या दिवसांत लोक घरोघर जाऊन आठवण करून देत, म्हणजे सवय मोडणे तिथेही सोपे गेले नाही.