सिग्नल, परम आणि येरवड्यातली एक रात्र

परवा भाच्याला विमानतळावर सोडायला निघालो आणि गुंजन चौकात सिग्नलला अडकलो. मागच्या सीटवरून भाचा म्हणाला, "मामा, तू पहिल्या नोकरीत सिग्नलवरच काम करायचास ना?" गाडीत हशा पिकला. मी हो म्हणालो, पण तेवढ्या वेळात समजावता येण्यासारखं ते नव्हतं. म्हणून इथे लिहितोय. (ज्यांना कंटाळा येईल त्यांनी पोळ्यांचा परिच्छेद वाचून सरळ शेवटाकडे जावं. रागावणार नाही.)

तर पोळ्या. तव्यावर पोळी आहे आणि दारावरची बेल वाजते. आई गॅस बारीक करते, लाटणं बाजूला ठेवते, कितवी पोळी चालली होती ते लक्षात ठेवते, दार उघडून येते आणि त्याच पोळीपासून पुढे सुरू करते. युनिक्समध्ये चालू प्रोग्रामला अशी हाक येते तिला सिग्नल म्हणतात. ती पोचवतो कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. प्रोसेसरच्या रजिस्टरमध्ये जे काही असेल ते सगळं तो प्रोग्रामच्याच स्टॅकवर नीट रचून ठेवतो, हाक ऐकणारं फंक्शन (हँडलर) चालवतो, आणि ते संपलं की सगळं जिथल्या तिथे लावून प्रोग्रामला मूळ ओळीवर आणून सोडतो.

आता गोम अशी की प्रत्येक प्रोसेसरचं स्वयंपाकघर वेगळं. कुठे काय ठेवलंय आणि मुळात बेल कशाकशाने वाजते, हे घरोघरी निराळं. आणि हे बघायला पुण्यासारखं गाव नाही, कारण आपल्या सीडॅकच्या 'परम'ने जवळजवळ दर पिढीला घर बदललं.

सीडॅकची स्थापना १९८८ ची. अमेरिकेकडून हवा तसा क्रे महासंगणक मिळेना, म्हणून डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली इथेच बांधायला घेतला. १९९१ चा 'परम ८०००' इन्मॉस कंपनीच्या ट्रान्सप्युटरवर उभा होता. या चिपमध्ये कर्नल आणि प्रोग्राम यांच्यात भिंतच नाही. कोणती प्रक्रिया कधी चालवायची ते चिपच्या मायक्रोकोडमध्येच ठरलेलं. प्रक्रिया एकमेकींना हाक मारत नाहीत, चॅनलवरून निरोप देतात आणि निरोप येईतो थांबून राहतात. बेरीज हाताबाहेर गेली तर 'एरर' नावाचा एक झेंडा वर होतो, आणि तशी सोय करून ठेवली असेल तर चिप जागीच थांबते. युनिक्सवाल्यांचा सिग्नल तिथे नाहीच.

मग 'परम ८६००' मध्ये जोडीला इंटेलचा आय८६० आला. गणिताला हुशार, पण अडथळा आला की याची घडी विस्कटायची. कसलाही ट्रॅप असो, उडी एकाच पत्त्यावर. कारण काय ते कर्नलने स्वतः शोधायचं, आणि अर्धवट चाललेल्या पाइपलाइनमधली गणितंही हाताने उचलून ठेवायची आणि परत भरायची.

१९९८ चा 'परम १००००' सनच्या अल्ट्रास्पार्कवर, सोलॅरिस घेऊन आला. स्पार्कमध्ये रजिस्टरच्या एकाआड एक 'खिडक्या' असतात. सिग्नल द्यायच्या आधी प्रोग्रामच्या भरलेल्या खिडक्या कर्नलला स्टॅकवर रिकाम्या कराव्या लागतात. शिवाय स्वारी शिस्तीची. चार बाइटचा आकडा चारने भाग न जाणाऱ्या पत्त्यावरून उचलायला गेलात की ट्रॅप, आणि प्रोग्रामच्या हाती सिगबस. पडद्यावर दोनच शब्द, 'बस एरर'.

त्यानंतरचा 'परम पद्म' (सीडॅकचाच, पण बंगळूरला बसवलेला) आयबीएमच्या पॉवर४ वर, एआयएक्सखाली चालला. २००३ च्या जूनमधल्या टॉप ५०० यादीत तो १७१ वा होता. एआयएक्सची तऱ्हा अशी की शून्य पत्त्यावरून वाचलंत तर ते चक्क वाचू देतं, शून्य हाती ठेवतं. लिनक्सवर त्याच चुकीला सिगसेग्व्ही येतो आणि प्रोग्राम आडवा. पुढे २००८ चा 'परम युवा' इंटेल झिऑन आणि लिनक्सवर. इंटेल वाकड्या पत्त्यावरूनही बहुतेकदा मुकाट्याने आकडा उचलून देतो. ६४ बिटी इंटेलवर सिग्नलची चळत रचताना कर्नल स्टॅकच्या टोकाखालचे १२८ बाइट मात्र सोडून देतो, कारण तिथे प्रोग्रामने काही ठेवलेलं असू शकतं.

म्हणजे चूक तीच, पण एक घर ओरडतं, दुसरं पोटात घालतं.

आता येरवडा. २००६ च्या सुमाराला मी इथल्याच एका ऑफिसात होतो. आमचा प्रोग्राम आम्ही इंटेलवर लिहायचो, एका ग्राहकाकडे तो स्पार्कवर चालायचा. आमच्याकडे महिनोन्महिने सगळं सुरळीत. प्रोग्राम कधी पडू नये म्हणून मी, नवाकोरा शहाणा, एक हँडलर लिहून ठेवला होता. सिगबस आला की लॉगमध्ये एक ओळ लिही आणि परत जा.

त्या रात्री स्पार्कवर पहिल्यांदा वाकडा पत्ता आला. हँडलरने ओळ लिहिली आणि परतला. कर्नलने इमानेइतबारे त्याला मूळ ओळीवर आणून सोडलं, म्हणजे त्याच चुकलेल्या सूचनेवर. पुन्हा ट्रॅप, पुन्हा सिगबस, पुन्हा एक ओळ. पहाटेपर्यंत त्या मशीनची डिस्क लॉगने तुडुंब भरली आणि शेजारी चालणारे, ज्यांचा काही दोष नव्हता, ते प्रोग्रामही बंद पडले. सकाळी फोनवर ग्राहकाचा माणूस शांतपणे एवढंच म्हणाला, "तुमचा प्रोग्राम मेला असता तर बरं झालं असतं हो." ते वाक्य अजून कानात आहे.

कर्नलचं काहीच चुकलं नव्हतं. जिथून उचललं तिथेच आणून ठेवायचं, हे त्याचं काम. तिथली चूक दुरुस्त करणं हे माझं होतं आणि मी फक्त तिची नोंद करत बसलो होतो. पत्ता सरळ केला, हँडलर काढून टाकला. चार ओळींचं काम!

भाचा आता प्रोसेसर शिकायला चाललाय. तिथे त्याला रिस्क-व्ही भेटेल. सीडॅकचे 'वेगा' प्रोसेसरही त्याच घराण्यातले. त्यात पूर्णांकाला शून्याने भागलं तर ट्रॅप होतच नाही, उणे एक असं उत्तर मिळतं. ६४ बिटी एआरएमवर शून्य मिळतं. इंटेलवर सिगएफपीई येतो आणि हँडलर नसेल तर प्रोग्राम तिथेच संपतो. आरडाओरडा करणारं घर कटकटीचं वाटतं खरं, पण निदान कळतं तरी.

तेव्हा बाळा, बेल वाजली की नुसतं दार उघडून परत येऊ नकोस. तव्यावरची पोळी करपत असेल तर ती आधी बघ.

असो. बाकी तू सुट्टीत आलास की बोलूच. पोचल्यावर फोन कर, तुझी आई वाट बघतेय.