ॲक्शन स्क्रूचा पीळ (लक्ष्यवेधी रायफल)

रायफलची ॲक्शन (काडतूस भरण्याची-झाडण्याची यंत्रणा) दस्त्याला आवळून धरणाऱ्या स्क्रूंना द्यायचा मोजका पीळ (टॉर्क). ५० मीटर नेमबाजीच्या ०.२२ रायफलीत तो साधारणपणे ४ ते ७ न्यूटन-मीटर असतो. नुसत्या लाकडी दस्त्याला कमी, ॲल्युमिनियमच्या दस्त्याला अधिक. पीळ बदलला की गोळी सुटताना नळीला येणारी थरथर बदलते आणि गोळ्यांचा पुंजका फाकतो किंवा आवळतो. या प्रकारात दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम १०.४ मिमी. व्यासाचे असल्याने एवढाही फरक महागात पडतो.

योग्य पीळ शोधण्याआधी बेडिंग, म्हणजे ॲक्शनखाली ओतलेली इपॉक्सीची बैठक, तपासावी. नळी आणि दस्त्याचे पुढचे टोक यांच्यामध्ये डायल गेज लावून पुढचा स्क्रू हळूहळू सैल करायचा. काटा ०.०५ मिमी.हून जास्त हलला, तर ॲक्शन बैठकीवर ताणली जात आहे. तेथे पिळाशी खेळत बसणे व्यर्थ. बैठक चोख असेल, तर टॉर्क पान्याने अर्ध्या-अर्ध्या न्यूटन-मीटरने पीळ वाढवत, एकाच लॉटच्या काडतुसांनी प्रत्येक टप्प्याला निदान दोन पुंजके मारावेत. एका पुंजक्यावर भाळणारे पुष्कळ. आटे कोरडे की तेलकट, हेही सांभाळावे. तेलकट आट्यांवर त्याच आकड्याला स्क्रू जास्त आवळला जातो.