कोठीतला निकाह

हैदराबादच्या कोठी भागात, मुसी नदीच्या काठी, उंच खांबांची जुनी ब्रिटिश रेसिडेन्सी उभी आहे. पुढे तिथे उस्मानिया विद्यापीठाचे महिला महाविद्यालय भरू लागले. आमचे कुरुंदा आणि सगळा वसमत तालुका १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. त्यामुळे आमच्याकडच्या जुन्या माणसांच्या बोलण्यात पुण्या-मुंबईपेक्षा हैदराबाद अधिक यायचे. 'अंग्रेज रेसिडेंट आणि बेगम' ही गोष्ट त्यातलीच. बेगम पडद्यात, तिला वाड्याबाहेर येऊन कोठी पाहता येईना, म्हणून साहेबाने कोठीची छोटी प्रतिकृती तिच्या अंगणात बांधून दिली, असे सांगत. गोष्ट गोड आहे. कागदपत्रांतून दिसते ती मात्र लपवालपवीची कहाणी आहे, आणि त्या लपवण्याची किंमत कोणी मोजली हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

१७९५ च्या खर्ड्याच्या लढाईत निजाम हरला आणि त्याचा दिवाण मुशीरुल्मुल्क पुण्यात ओलीस राहिला, हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. हाच अरस्तू जाह. तो सुटून परतल्यावर हैदराबाद इंग्रजांकडे झुकले. १७९८ च्या तहाने निजामाच्या पदरचे फ्रेंच कवायती कंपू मोडले गेले. हे काम तडीस नेणारा रेसिडेंट जेम्स अ‍ॅकिलीस कर्कपॅट्रिक. तो फारसी जाणे, मोगली पोशाख करी. दरबाराने त्याला हशमत जंग हा किताब दिला होता. खैरुन्निसा मीर आलमच्या नात्यातली. तिचे आजोबा बाकर अली खान इंग्रजांच्या तैनाती फौजेचे बक्षी होते. ती चौदा-पंधरा वर्षांची होती आणि तिचे लग्न दुसरीकडे ठरलेले होते. आजच्या नजरेला ते वय खटकते, खटकलेच पाहिजे. पण पुढाकार एकट्या साहेबाचा नव्हता. मुलीचा हट्ट होता आणि तिची आई शरफुन्निसा तिच्या बाजूने उभी होती.

कर्कपॅट्रिकने इस्लाम स्वीकारला आणि गुपचूप निकाह लावला. १८०१ च्या मार्चमध्ये मुलगा झाला, पुढच्या वर्षी मुलगी. मुलांची नावे साहिब आलम आणि साहिब बेगम.

हे गुपित होते कोणापासून? हैदराबादेत दरबाराला सगळे माहीत होते. अरस्तू जाहचा तर पाठिंबाच होता, कारण रेसिडेंटची अशी दुखरी जागा हाती असणे त्याला सोयीचे होते. गुपित होते ते कलकत्त्यापासून. गव्हर्नर जनरल वेलस्लीच्या कानावर कुजबुज गेली तेव्हा कर्कपॅट्रिकने खुलासा पाठवून वेळ मारून नेली. त्याचा थोरला भाऊ विल्यम वेलस्लीच्याच कचेरीत वरच्या हुद्द्यावर होता. त्यालाही खरे सांगितले ते तुकड्यातुकड्यांनी, काही मजकूर तर सांकेतिक लिपीत. १८०१ च्या नोव्हेंबरात मद्रासेत गुप्त चौकशी झाली, शपथेवर जबाब घेतले गेले आणि बरेच काही उघड झाले. तरी कर्कपॅट्रिकची नोकरी टिकली.

म्हणजे खोटे बोलणे त्याला पचले. इथेच बहुतेक लिहिणारे सुटकेचा निःश्वास टाकतात. मला मात्र खरी शोकांतिका इथून सुरू होते असे वाटते. ज्यांना लग्न माहीत होते त्यांच्या शब्दाला कंपनीच्या दफ्तरात वजन नव्हते, आणि ज्या दफ्तरात वजन होते तिथे लग्नाची नोंद नव्हती. कर्कपॅट्रिकने मृत्युपत्र केले तेव्हा मुलांसाठी भरपूर ठेवले, आईचा उल्लेखही आदराने केला, पण मुले 'अनौरस' ठरतील असाच शब्द वापरला. ज्या बाईशी निकाह लावला तिला स्वतःच्या अखेरच्या कागदात तो बायको म्हणू शकला नाही.

१८०५ मध्ये मुले विलायतेला पाठवली गेली. वय वर्षे चार आणि तीन. त्याआधी मद्रासेत जॉर्ज चिनरी या चित्रकाराने दोघांचे मोठे चित्र काढले. मुले समुद्रावर असतानाच, १५ ऑक्टोबरला, कर्कपॅट्रिक कलकत्त्यात वारला. लंडनमध्ये मुलांचा बाप्तिस्मा झाला. ती विल्यम आणि कॅथरीन झाली.

नवऱ्याच्या कबरीसाठी खैरुन्निसा कलकत्त्याला गेली. तिथे हेन्री रसेल भेटला, कर्कपॅट्रिकचाच सहायक. त्याने आधार दिला, मग प्रेम, मग आश्वासने. इकडे अरस्तू जाह वारला होता आणि जुना राग धरून बसलेला मीर आलम दिवाण झाला होता. त्याने तिला हैदराबादची दारे बंद केली. ती मछलीपट्टणला अडकून पडली आणि १८०८ मध्ये रसेलने मद्रासेत एका गोऱ्या मुलीशी लग्न केले. कर्कपॅट्रिकने निदान भीतीपोटी लपवले. रसेलला लपवण्याचीही गरज पडली नाही, कारण खैरुन्निसा कोणाची कायदेशीर विधवा असल्याचे कंपनी मानतच नव्हती. मीर आलमच्या मृत्यूनंतर ती परतली. २२ सप्टेंबर १८१३ रोजी ती गेली, तेव्हा वय सत्तावीस. मुलांना तिने पुन्हा पाहिले नाही. मुलांना आईला पत्र लिहायचीही मनाई होती.

विल्यम डॅलरिंपल यांच्या 'व्हाइट मुघल्स' (२००२) या पुस्तकाने ही कहाणी जगभर पोचवली. कॅथरीन, म्हणजे किटी, हिच्यावर तरुणपणी थॉमस कार्लाइल भाळला होता, हे त्यामुळेच आता अनेकांना माहीत आहे. मला त्यातला चित्राचा प्रसंग विसरता येत नाही. किटी लग्न होऊन मुलाबाळांत रमली होती. एकदा ती इंग्लंडात स्वॅलोफील्ड नावाच्या वाड्यात गेली आणि समोर भिंतीवर चिनरीचे ते चित्र दिसले: मोगली कपड्यांतली दोन मुले, ती आणि तिचा तोवर वारलेला भाऊ. वाडा रसेलचा होता. आईच्या हातून ते त्याच्याकडे गेले होते.

तिथून धागा सापडला. १८४१ च्या सुमारास किटीने हैदराबादला पत्र पाठवले. आजी शरफुन्निसा अजून जिवंत होती. तिने फारसीत उत्तर लिहवून घेतले. किटीला फारसी येत नव्हते आणि आजीला इंग्रजी. मधले दुभाषे त्याच रेसिडेन्सीतले होते.