वरच्या टेबलाचा हिशेब

द्यूतात पण केव्हा वाढवावा हा प्रश्न द्यूताइतकाच पुरातन असला, तरी त्याला रोजकीर्द-खतावणीची शिस्त लागून अजून तीस वर्षेही झालेली नाहीत. १ जानेवारी १९९८ रोजी प्लॅनेट पोकर नावाच्या संस्थळावर खऱ्या पैशांचा पहिला डाव वाटला गेला, तेव्हा तीन आणि सहा डॉलरांच्या ठरीव पणांचे टेबल, मंदगतीची दूरध्वनी-जोडणी आणि ती मध्येच तुटली तर चालू डावाचे काय होणार ही धास्ती, एवढाच त्या उद्योगाचा सरंजाम होता; पुढच्या दहा वर्षांत असंख्य सामान्य माणसे रात्री आपली शिल्लक न्याहाळीत ‘आता वरच्या टेबलावर बसावे काय’ असे स्वतःला विचारू लागतील, हे तो चालविणाऱ्यांच्याही स्वप्नात आले नसावे.

तत्पूर्वी हा प्रश्न हिशेबापेक्षा इभ्रतीचा अधिक होता. लास वेगासमधील बिनियन कुटुंबाच्या हॉर्सशू या जुगारगृहात १९७० पासून पोकरची जागतिक स्पर्धा भरू लागली. तेथे आणि तेथल्यासारख्या अन्य ठिकाणी मोठ्या टेबलावर कोण बसणार हे खिशातील नोटा, मंडळींतील पत आणि पाठीशी उभा राहणारा सावकार यांच्या संमतीने ठरे. जुगारगृहाला जागा, दिवाबत्ती आणि पत्ते वाटणाऱ्याचे वेतन यांचा खर्च असल्यामुळे पै-पैशाचे टेबल मांडणे परवडत नसे, आणि जी टेबले मांडली जात त्यांतील अंतर इतके मोठे असे की, चढू पाहणाऱ्याला पायरी न सापडता उडीच घ्यावी लागे. त्यात तासाला तीसेक डाव. म्हणजे आपण खरोखर जिंकणारे आहोत की नुसते दैवाने तरलो आहोत, याचा निवाडा होण्याइतके डाव पुरे होईपर्यंत वर्षे निघून जात. स्टू अंगर याने १९८०, १९८१ आणि १९९७ अशी तीन वेळा ही जागतिक स्पर्धा जिंकली. शेवटच्या विजयाचे दहा लक्ष डॉलर पाठीराख्याशी वाटून घेतल्यावर त्याच्या वाट्याला जे आले तेही व्यसनांत आणि पैजांत गेले, आणि २२ नोव्हेंबर १९९८ रोजी लास वेगासच्या एका स्वस्त मोटेलमध्ये तो मृत सापडला, तेव्हा त्याच्याजवळ सुमारे आठशे डॉलर होते. त्याच्या काळातील पत्त्यांचा त्याच्याइतका जाणकार दाखविणे कठीण. परंतु मुद्दल सांभाळणे ही खेळाहून निराळी विद्या आहे, आणि त्या विद्येची पाठशाळा तेव्हा निघालेली नव्हती.

पण वाढविणे हे शस्त्रही होऊ शकते, याचा वस्तुपाठ टेक्ससच्या अँडी बील या बँकरने दिला. हा गृहस्थ २००१ पासून काही वर्षे लास वेगासला येई आणि तेथील नामांकित व्यावसायिकांशी एकेकट्याने खेळे. त्याची अट एकच, की पण इतके चढवावेत की समोरच्याला आपल्या संसाराची आठवण झाली पाहिजे. त्याचे अनुमान चुकीचे नव्हते. ज्याला हरण्याची भीती वाटते त्याचा हात बिघडतो, आणि कोट्यधीश बँकरला जी रक्कम किरकोळ ती व्यावसायिकाला आयुष्याची कमाई. पण चढत चढत पुढे एक लक्ष आणि दोन लक्ष डॉलरांपर्यंत गेले; एकट्याने ते पेलणे कोणालाच शक्य न राहिल्याने त्या पट्टीच्या खेळाडूंनी आपापली भांडवले एकत्र करून एक मंडळीच स्थापन केली, आणि वाटेकऱ्यांच्या वतीने एकेकजण मैदानात उतरू लागला. २००६ च्या फेब्रुवारीत त्यांपैकी फिल आयव्हीने तीन दिवसांत बीलकडून एक कोटी साठ लक्ष डॉलरांहून अधिक जिंकले. जगातील उत्तमोत्तम खेळाडूंनाही आपल्या ऐपतीबाहेरच्या टेबलावर बसण्यासाठी सामायिक खाते काढावे लागले, ही या प्रकरणातील मला सर्वांत बोलकी वाटणारी बाब आहे.

संगणकावरच्या पोकरने जे घडविले ते याच्या अगदी उलट. तेथे भाडे नाही, पत्ते वाटणारा नाही; म्हणून एक आणि दोन सेंटांच्या ब्लाइंडपासून (ब्लाइंड म्हणजे पत्ते पाहण्यापूर्वी दोघांना पाळीपाळीने टाकावी लागणारी छोटी आणि मोठी सक्तीची रक्कम), म्हणजे टेबलावर दोन डॉलर घेऊन बसता येईल अशा ठिकाणापासून, शेकडो डॉलरांच्या ब्लाइंडपर्यंत अखंड जिना उभा राहिला. एकाच वेळी चार-आठ टेबले उघडून बसणाऱ्याचे डाव तासाला शेकड्यांनी मोजावे लागले, आणि प्रत्येक डाव दप्तरी नोंदला जाऊ लागला. ज्या अनुभवासाठी जुन्या खेळाडूला दशक घालवावे लागे तो नव्याला एका हिवाळ्यात मिळे, आणि तो नुसता स्मरणात न राहता आकड्यांच्या रूपाने समोर उभा असे. दर शंभर डावांमागे किती ब्लाइंड मिळाले, हा या मंडळींचा उतारा. आणि ‘वीस बाय-इन जमल्याशिवाय वर जाऊ नये’, म्हणजे त्या टेबलावर एकदा बसण्यास लागणाऱ्या शंभर मोठ्या ब्लाइंडच्या वीसपट शिल्लक गाठीशी असावी, हा त्यांचा परवलीचा नियम झाला.

हा नियम कितपत टिकतो हे एका उदाहरणाने पाहण्याजोगे आहे. एखादा चांगला खेळाडू शंभर डावांमागे सरासरीने पाच ब्लाइंड मिळवितो असे धरू. तेवढ्याच डावांतील त्याच्या नशिबाचा चढउतार मात्र नव्वद ब्लाइंडच्या घरात असतो. दहा हजार डाव खेळल्यावर त्याला पाचशे ब्लाइंड मिळावयास हवेत, पण चढउताराची पट्टी तेव्हा नऊशेची असल्यामुळे, अशा शंभर चांगल्या खेळाडूंपैकी एकोणतीसजण दहा हजार डावांनंतरही तोट्यातच असतील. वीस बाय-इन घेऊन बसलेला हा खेळाडू काहीही झाले तरी टेबल न बदलण्याचा हट्ट धरील, तर केव्हातरी सर्वस्व गमावण्याचा संभव शेकडा आठ ते नऊ; चाळीस बाय-इन असतील तर शेकडा एकाहूनही कमी. परंतु वरच्या टेबलावर प्रतिस्पर्धी अधिक तयारीचे असतात, तेव्हा त्याची पाचाची सरासरी अडीचवर आली असे समजा; त्याबरोबर त्याच वीस बाय-इनवर बुडण्याचा संभव एकदम शेकडा एकोणतीसवर जातो. खालच्या टेबलावर सिद्ध केलेली सरासरी घेऊन लोक वर जातात आणि तीच तेथे आपल्यासाठी थांबलेली असेल असे गृहीत धरतात. बहुतेकांचा घात येथेच होतो. हट्ट सोडून वेळीच खाली उतरणारा मात्र वीस बाय-इनवरही तगतो. वर केव्हा जावे याविषयी जेवढी चर्चा झाली, तिच्या दशांशानेही खाली केव्हा यावे याविषयी झाली नाही, आणि माझ्या मते सगळा प्रश्न दुसराच होता.

तो दुसरा प्रश्न ज्याने नीट मांडला तो क्रिस फर्ग्युसन २००० सालचा जगज्जेता. संगणकशास्त्रातील डॉक्टर, आणि ज्याचे वडील कॅलिफोर्नियातील विद्यापीठात द्यूतगणिताचे अध्यापक, असा मनुष्य. २००६ मध्ये त्याने फुल टिल्ट या संस्थळावर एक व्रत घेतले: पदरचा एकही डॉलर न घालता शून्यातून दहा हजार डॉलर करावयाचे. फुकट स्पर्धांतून मिळालेले पहिले दोन डॉलर त्याने लवकरच घालविले. पुढे एका डॉलरच्या प्रवेशमूल्याच्या स्पर्धेत दुसरा येऊन १०४ डॉलर मिळाले, तेव्हा या लक्षाधीशाला जो हर्ष झाला तो त्याने मोठ्या कौतुकाने नमूद करून ठेवला आहे. त्याची कलमे मोजकी होती: शिलकेच्या शेकडा पाचांहून अधिक रक्कम घेऊन कोणत्याही टेबलावर बसावयाचे नाही; मोठ्या स्पर्धेला शेकडा दोन; आणि टेबलावर जिंकता जिंकता समोरचा ढीग एकूण शिलकेच्या दहाव्या हिश्श्याहून मोठा झाला, की आपल्यावर ब्लाइंडची पाळी येताच उठून जावयाचे. शेवटचे कलम मला विशेष वाटते. हरणाऱ्याला उठविणारे नियम पुष्कळ आहेत. जिंकणाऱ्याला उठविणारा हा एकच. बेल प्रयोगशाळेतील जॉन केली याने १९५६ मध्ये पैजेची रक्कम भांडवलाच्या प्रमाणात असावी असे जे सिद्ध केले होते, त्याचेच हे बाळबोध रूप. वर्षाहून अधिक काळ खपून फर्ग्युसनने आपला आकडा गाठला.

लोकांच्या ध्यानात मात्र उड्याच राहतात. २००३ मध्ये टेनेसीतील क्रिस मनीमेकर याने ८६ डॉलरांच्या पात्रता-स्पर्धेतून जागतिक स्पर्धेचे दहा हजार डॉलरांचे आसन मिळविले आणि ८३९ खेळाडूंत पहिला येऊन पंचवीस लक्ष नेले. पेशाने तो हिशेबनीस होता, हा योगायोग गमतीचा खरा. २००९ च्या शरदात एक अनामिक स्वीडिश तरुण, जो पुढे व्हिक्टर ब्लोम म्हणून प्रकट झाला, फुल टिल्टच्या सर्वोच्च टेबलांवर आला आणि कोणाचेही आव्हान नाकारीनासा झाला. २१ नोव्हेंबरला पॅट्रिक अँटोनियसने त्याच्याविरुद्ध एकाच डावात साडेतेरा लक्ष डॉलरांहून मोठा ढीग जिंकला. ८ डिसेंबरला ब्रायन हेस्टिंग्जने त्याच्याकडून एका बैठकीत सुमारे बेचाळीस लक्ष नेले. अशा प्रसंगी धर्मराजाचे नाव घेण्याची आपल्याकडे चाल आहे, पण ती येथे लागू पडत नाही: युधिष्ठिराला खेळ येत नव्हता, आणि ब्लोमला तो उत्तम येत होता. त्याला फक्त खाली उतरता येत नव्हते.

मग १५ एप्रिल २०११ चा शुक्रवार उजाडला. अमेरिकेच्या न्यायखात्याने मोठ्या संस्थळांच्या चालकांवर आरोपपत्रे दाखल करून त्या संस्थळांची इंटरनेटवरील नावे (डोमेन) जप्त केली, आणि त्या गडबडीत फुल टिल्टची वही उघडी पडली. जगभरच्या खेळाडूंचे सुमारे एकोणचाळीस कोटी डॉलर देणे, आणि पेढीत शिल्लक सुमारे सहा कोटी. खेळाडूंच्या ठेवी वेगळ्या राखल्याच नव्हत्या. सरकारी आरोपानुसार त्याच काळात मालक-संचालकांना चव्वेचाळीस कोटींहून अधिक वाटले गेले होते, आणि सप्टेंबरमध्ये सरकारने ज्या संचालकांना नावानिशी दाव्यात ओढले त्यांत शेकडा पाचांचा नियम शिकविणारा फर्ग्युसनही होता. त्याने २०१३ मध्ये दोष मान्य न करता तडजोड केली. वीस बाय-इन, चाळीस बाय-इन असा दाणा-दाणा मोजणाऱ्या हजारो शिस्तबद्ध माणसांच्या कोष्टकांत पेढीच बुडण्याचा रकानाच नव्हता. संस्थळाची मालमत्ता प्रतिस्पर्धी पोकरस्टार्सने ७३.१ कोटी डॉलरांच्या समझोत्यात घेतली, आणि अमेरिकन खेळाडूंना पहिला हप्ता २०१४ च्या फेब्रुवारीत, जवळजवळ तीन वर्षांनी मिळाला. माणसाच्या वर्तनाने नियम खोटा ठरत नाही, म्हणून फर्ग्युसनची कलमे आजही बरोबरच आहेत. परंतु त्याच्या लेखाखाली त्याची सही वाचताना जपून वाचावे.

भारतापुरता वरच्या टेबलाचा हा प्रश्न सध्या निकालात निघाला आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, २२ तारखेस त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली, आणि त्याच सुमारास अनेक भारतीय संस्थळांनी पैशांची टेबले मिटवून खेळाडूंना आपापली शिल्लक काढून घेण्यास कळविले.