अमेरिकेत विद्यार्थ्यांच्या खोलीत पोलीस वॉरंटशिवाय शिरू शकतात का?

अमेरिकेत दारू विकत घेण्याचं किमान वय २१ वर्षं आहे. त्याहून कमी वय ठेवणाऱ्या राज्यांचा महामार्ग निधी कापण्याची तरतूद १९८४ च्या केंद्रीय कायद्यात आहे. पण बारावीनंतर तिथे पदवीसाठी जाणारे बहुतेक विद्यार्थी १८ ते २० वर्षांचे असतात. पार्टीच्या आवाजाची तक्रार गेली की पोलीस दार वाजवतात. मग त्यांना आत घ्यावंच लागतं का?

राज्यघटना काय सांगते?

चौथ्या घटनादुरुस्तीनुसार घरात शिरायला साधारणपणे न्यायाधीशांचं वॉरंट लागतं. हे संरक्षण भाड्याच्या फ्लॅटला आणि हॉस्टेलच्या खोलीलाही आहे. गुन्हा किरकोळ असेल तर वॉरंटशिवाय घरात शिरणं क्वचितच योग्य ठरतं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या एका खटल्यात म्हटलं. त्यामुळे कोणीतरी बिअर पीत असल्याचा निव्वळ संशय सहसा पुरेसा ठरत नाही.

अपवाद कोणते?

पहिला अपवाद म्हणजे जिवाला धोका. युटामधल्या ब्रिगहॅम सिटीत २००० साली पहाटे ३ च्या सुमारास पोलीस पार्टीच्या तक्रारीवरून एका घरी गेले. अंगणात अल्पवयीन मुलं बिअर पीत होती. स्वयंपाकघरात मारामारी सुरू होती आणि एकाच्या तोंडातून रक्त येत होतं. ते पाहून पोलीस आत शिरले. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा प्रवेश एकमताने वैध ठरवला. कारण बिअर नव्हतं, मारामारी होती.

दुसरा अपवाद संमतीचा. 'या आत' म्हटलं की वॉरंटची गरज संपते. नकार देता येतो, हे सांगण्याचं बंधन पोलिसांवर नाही. एक रूममेट 'या' म्हणाला आणि तिथेच हजर असलेल्या दुसऱ्याने स्पष्ट नकार दिला, तर त्या संमतीच्या जोरावर नकार देणाऱ्याविरुद्ध झडती घेता येत नाही, असा २००६ चाच आणखी एक निकाल आहे. मात्र दार सताड उघडलं आणि समोर बाटल्या दिसल्या, तर पोलीस त्याची नोंद घेऊ शकतात.

कॉलेज परवानगी देऊ शकतं का?

हॉस्टेलच्या नियमांनुसार कॉलेजचे कर्मचारी खोली तपासू शकतात. पण विद्यार्थ्याच्या वतीने पोलिसांना संमती देण्याचा अधिकार कॉलेजला नाही. अलाबामातल्या ट्रॉय स्टेट विद्यापीठाच्या प्रकरणात १९७१ मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने हे स्पष्ट केलं.

भारतीय विद्यार्थ्यांनी काय लक्षात ठेवावं?

अमेरिकी व्हिसाच्या अर्जात पूर्वी अटक झाली होती का, हे विचारलं जातं. त्यामुळे एका रात्रीचं प्रकरण पुढे त्रासदायक ठरू शकतं. वॉरंट नसेल तर शांतपणे, हुज्जत न घालता प्रवेश नाकारता येतो. वॉरंट असेल तर अडवू नये. आणि कोणी दारू पिऊन बेशुद्ध पडलं, तर पोलिसांच्या भीतीने थांबू नये, लगेच ९११ ला फोन करावा. मदत मागणाऱ्या अल्पवयीनांवर दारू प्यायल्याची कारवाई न करण्याची तरतूद अनेक राज्यांत आहे.